लेकरांना रान दाखवताना
(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा हिशेब माझ्याआधी दोन वक्त्यांनी मांडला. पहिल्या वर्षी टँकरसाठी लावलेली रांग, आटलेलं बोअर, मग दुसरं बोअर, गच्चीची गळती. सगळं आठवलं. सचिवांनी मला सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने तुम्ही दोन शब्द बोला. निवृत्त बँकवाला म्हटल्यावर लोकांना वाटतं, हा आता वारसनोंद आणि मुदत ठेवीवर बोलणार. घाबरू नका. आज मी शिकारीवर बोलणार आहे.

काही जण हसले. हसा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतो आपण. इथे कोणत्याही विषयावर भाषण होऊ शकतं. पण विषय मी गमतीने घेतलेला नाही. याला कारण आहे ती बी विंगमधल्या वहिनींच्या गॅलरीतली तुळशीची कुंडी.

गेल्या दिवाळीची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. त्या कुंडीत होल्याच्या जोडीने चार काड्यांचं घरटं केलं होतं. दोन पांढरी अंडी. वहिनींनी तुळशीला पाणी घालणंसुद्धा बाजूने, हळूच चालू ठेवलं होतं. लेकरं जिन्यातून वाकून बघायची. दिवाळीला पुण्याहून माझा नातू आला, मुलीचा मुलगा, बारा वर्षांचा. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. म्हटलं, याला काहीतरी मैदानी करायला द्यावं. मागच्या अंगणातल्या जांबाची एक दुबेळकी फांदी कापली, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं आणि त्याला गलोल करून दिली. आमच्या लहानपणी असायची तशी. देताना एवढंच म्हणालो, "जपून रे बाबा."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ओंजळीत होला होता. मान एका बाजूला पडलेली, अंग अजून गरम. पोराच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "आजोबा, मला वाटलं लागणारच नाही."

दुसरा होला दोन-तीन दिवस कुंडीवर येऊन बसत होता. होल्यांमध्ये नर आणि मादी पाळीपाळीने अंडी उबवतात. एकट्याने ते निभत नाही. चौथ्या दिवशी तोही आला नाही. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण चूक पोराची कमी आणि माझी जास्त होती. हत्यार मी करून दिलं आणि ते कसं वापरायचं, कशावर धरायचं नाही, हे शिकवलं नाही.

त्या रात्री नातवाने मला एक प्रश्न विचारला. आमच्या घरात एक जुना फोटो आहे. त्यात माझे काका बंदूक घेऊन उभे आहेत, पायाशी काळवीट पडलेलं आहे आणि बाजूला अर्ध्या चड्डीत मी. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण मारायचात ना? मग मला का रागावता?" मी रागावलो नव्हतो. पण उत्तर दिलं पाहिजे होतं. त्याला जे सांगितलं ते आज तुम्हा सगळ्यांना सांगतो. यातला एक भाग मी साठ वर्षं कोणालाही सांगितला नव्हता, घरातसुद्धा.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या बाजूला. माझ्या लहानपणी तिकडे माळरान खूप होतं. काळविटांचे कळप, ससे, तितर, लावरी, मोर हे सगळं रोज दिसायचं. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, तरी शिकारीची हौस गेली नव्हती. ज्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता ते हिवाळ्यात शिकारीला जायचे आणि पाहुण्यांना तेच मोठ्या कौतुकाने सांगायचे. आमच्या काकांकडे बारा बोअरची बंदूक होती. पीक राखणीच्या नावाखाली परवाना, आणि शिकार हौसेची.

गावाबाहेर हिवाळ्यात फासेपारध्यांची पालं पडायची. त्यांचं आणि आमचं एक नव्हतं, हे लेकरांनो नीट ऐका. ते पोटासाठी धरत होते, आमच्या घरची हौस होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं. त्यांच्यातला एक म्हातारा मला माग दाखवायचा. हा ससा रात्री गेला, हा पहाटे; दव पडण्याआधीचं पाऊल कसं दिसतं, नंतरचं कसं. फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकलं तर सोडून द्यायचं, अशी त्यांची रीत होती. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीही ती नोंदवली आहे. परवानावाल्यांना मात्र अशी रीत नव्हती.

तरी काका शिस्तीचे होते, हे मान्य करायला हवं. मला सोबत नेण्याआधी त्यांनी आठ दिवस बंदुकीला हात लावू दिला नाही. फक्त नियम पाठ करून घेतले. निघताना घरी सांगायचं की कुठे चाललो, कोण सोबत आहे, कधी परत येणार. बंदूक रिकामी असली तरी तिचं तोंड माणसाकडे करायचं नाही. धुरा ओलांडताना आधी काडतूस काढायचं. जिथे नजर गेली नाही तिथे हात घालायचा नाही, पाय टाकायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की जे डोळ्याला दिसलं नाही त्याच्यावर बार टाकायचा नाही. काका म्हणायचे, "कानावर विश्वास ठेवून मारणारा शिकारी नसतो, खुनी असतो."

१९६४ चा जानेवारी, पौष महिना. मी सातवीत होतो. ज्वारी हुरड्यात आली होती, रात्री थंडी मी म्हणत होती. सशासाठी निघालो होतो. काकांच्या हातात बंदूक आणि बॅटरी धरायचं काम माझं. बॅटरीच्या उजेडात जनावराचे डोळे चमकतात, ते आधी बघायचे आणि मग बोलायचं, असं ठरलेलं. एका वावराच्या कडेला ज्वारीत खसखस झाली. मला इतका चेव आला की बॅटरी लावायचं भान राहिलं नाही. मी काकांच्या कानाला लागून म्हणालो, "काका, हलतंय. डुक्कर हाय."

आणि शिस्तीच्या काकांनी त्या क्षणी आपलाच नियम मोडला.

ज्वारीतून माणूस ओरडला. शेजारच्या वावरातला सालगडी होता, जागलीला आलेला. घोंगडी पांघरून ज्वारीत बसला होता. काडतूस सशासाठीच्या बारीक छऱ्यांचं होतं म्हणून जीव वाचला. हातात, खांद्यात छरे गेले आणि एक छरा डाव्या डोळ्यात. रात्रीच बैलगाडीत घालून जिंतूरला नेलं, तिथून परभणीला. डोळा गेला.

पुढे काय झालं तेही सांगतो, लपवत नाही. प्रकरण मिटवलं गेलं. त्याच्या घरी ज्वारीची पोती गेली, काही रक्कम गेली, कुठे लेखी नोंद झाली नाही. त्या काळात गडी माणसाच्या डोळ्याची किंमत अशीच ठरायची. याला न्याय म्हणत नाहीत. काकांनी बंदूक जमा केली आणि मरेपर्यंत पुन्हा हातात घेतली नाही. घरात सगळे म्हणायचे, काकांच्या हातून घडलं. मी बोललो होतो, हे काकांनी कधीच कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

पुढे बँकेत लागलो. १९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं जोरात होती. मी फिल्ड ऑफिसर. शेळ्यांच्या कर्जासाठी अर्जदारांची रांग लागली होती, तीत तो उभा होता. एक डोळा मिटलेला. मी नाव वाचलं आणि ओळखलं. त्याने मला ओळखलं की नाही, देव जाणे. अंगठा उठवताना मी उगाच विचारलं, "मामा, डोळ्याला काय झालं?" तो म्हणाला, "बार लागला साहेब, लहानपणीच्या मालकाकडं असताना. मला अजून आठवतंय, आधी एका लेकराचा आवाज आला होता, हलतंय म्हणून. मला वाटलं, लेकरू हाय, उजेड पाडंल."

मी काही बोललो नाही. कर्ज नियमात बसत होतं, मंजूर झालं. शेळ्या घेतल्या, हप्ते फेडले. दोनदा मी शेळ्यांच्या तपासणीला त्याच्या दारात जाऊन आलो, चहा घेतला, तरी बोललो नाही. आता तो माणूस हयात नाही.

मित्रहो, नातवाने "मला वाटलं लागणारच नाही" म्हटलं, तेव्हा मला माझेच शब्द ऐकू आले. त्याला मी काय रागावणार?

आता मुद्द्यावर येतो. शिकार गेली, हे चांगलंच झालं. १९७२ साल आपल्या भागात तीन गोष्टींमुळे लक्षात राहतं. मोठा दुष्काळ त्याच साली, आपलं कृषी विद्यापीठ त्याच साली आणि वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा. लेकरांनो, या कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदुकीने मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, जखमी करणं, तसा प्रयत्न करणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हे सगळं शिकारीतच येतं. गलोल असो की छर्‍याची एअरगन, फरक पडत नाही. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. घरात जुनी शिंगं, कातडी ठेवायलासुद्धा मालकीचं प्रमाणपत्र लागतं. शेतकऱ्याचं रानडुकरांनी, हरणांनी नुकसान होतं, हे मी नाकारत नाही. आमच्याही वावरात होतं. त्यासाठी वन खात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई असा मार्ग आहे. तो लांबचा आहे, चकरा माराव्या लागतात, पण मार्ग तोच.

पण एक गोष्ट मला खटकते. बंदूक गेली तिच्याबरोबर ती शिकवणही गेली. आभाळ बघणं, पायाखाली बघणं, घरी सांगून जाणं, दिसल्याशिवाय हात न उचलणं. आपली लेकरं फ्लॅटमध्ये वाढली. वर्षातून दोनदा आपण त्यांना रानात नेतो, हुरड्याला आणि सहलीला. तिथे सोडून देतो आणि आपण सतरंजीवर गप्पा मारत बसतो. रान कसं वापरायचं ते त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून होल्याला पुरल्यावर मी नातवाला सालीम अलींची गोष्ट सांगितली. तेही दहा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, म्हणून त्यांनी मामांना विचारलं. मामा स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पोराला रागावण्याऐवजी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. त्या एका चिमणीपासून देशाला सालीम अली मिळाले. पुढे १९३१-३२ मध्ये त्यांनीच हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, म्हणजे आपला मुलूख ज्यात होता त्याच संस्थानाची. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालीम अलींचा.

त्या रविवारपासून आमची फेरी सुरू झाली. नातू पुण्याला गेला, पण सोसायटीतली सात-आठ लेकरं येऊ लागली. सकाळी विद्यापीठाच्या परिसरातला रस्ता धरायचा. वेडा राघू, कोतवाल, नीलपंख, नशीब असेल तर मोर. शिकार चालूच आहे आमची, फक्त बंदुकीऐवजी वही. नियम काकांचेच. जे दिसलं नाही ते वहीत लिहायचं नाही. "आवाज आला, मोरच असेल" चालत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, अगदी खड्यांसारखी दिसतात. ती डोक्यावर ओरडायला लागली की आहे तिथे थांबायचं, पायाखाली बघायचं आणि आल्या वाटेने मागे जायचं.

या फेऱ्यांत लेकरांना जे शिकवलं, ते पालकांसाठी थोडक्यात सांगतो. बँकवाला आहे, मुद्दे पाडल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला मुद्दा पाण्याचा. आपल्याला नदीची भीती वाटते, गोदावरीला, पूर्णेला आपण जपतो. पण आता वावरावावरात शेततळी झाली आहेत. त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरतं. आत घसरलेलं लेकरू, पोहता येत असलं तरी, कडेला चढू शकत नाही. हात-पाय मारतं आणि थकतं. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो, तोही चढू शकत नाही. म्हणून शेततळ्याच्या बांधावर चढायचंच नाही. कोणी पडलं तर उडी नाही. दोर, साडी, लांब काठी, हवा भरलेली ट्यूब टाकायची आणि ओरडून माणसं गोळा करायची.

दुसरा मुद्दा विजेच्या तारेचा. डुकरांसाठी बरेच जण झटका मशीन लावतात, त्याने झटका बसतो. पण काही ठिकाणी लोक थेट लाइनीवरून तारेत करंट सोडतात. असं करणं गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेलेली आहेत. लेकरांना दोन्हींतला फरक कळणार नाही. तेव्हा वावराच्या कडेची कुठलीही तार जिवंत आहे असं धरून चालायचं. तसंच रानात पिठाचा गोळा, सुतळी गुंडाळलेली वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, लाथ मारायची नाही. डुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो.

तिसरा मुद्दा सापाचा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांपासून मुख्य धोका. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले कितीतरी जीव मंत्र-तंत्रात आणि आवळपट्टीत गेलेला वेळ वाचला असता तर वाचले असते. चावल्यावर करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही. अंगठी, बांगडी, पायातलं काढायचं. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधतात तसा स्थिर ठेवायचा, माणसाला पळू द्यायचं नाही, धीर द्यायचा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायचा. साप पकडून न्यायची गरज नाही. या चारही सापांवर एकच लस चालते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि दंश कळतही नाही, म्हणून आखाड्यावर मुक्काम असेल तर बाजेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपायचं. विंचवाचंही तसंच. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे जगाला दाखवलं. तेव्हा विंचू चावला, घाम सुटला, हातपाय गार पडले तर उतारा शोधत बसू नका, डॉक्टर गाठा. साप किंवा जखमी जनावर दिसलं तर वन खात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. मुलांनो, तो आपल्या फलकावरही मी लिहायला लावला आहे.

चौथा मुद्दा आभाळाचा, आणि इथे माझीच फजिती सांगतो. यंदाच्या मे महिन्यात अवकाळी किती झाला, आठवतंच असेल. नातू सुट्टीला आला होता. आम्ही दोघं गावाकडे वावरात होतो. ढग भरून आले, गार वारा सुटला, टपोरे थेंब सुरू झाले. सत्तर वर्षांची सवय. मी त्याचा हात धरला आणि लिंबाच्या झाडाखाली निघालो. त्याने हात सोडवला. "आजोबा, झाडाखाली नाही. वीज चमकली आणि मी नऊच मोजले." मी म्हटलं, "अरे, भिजशील." तो म्हणाला, "भिजू द्या."

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजायचे, हे मीच त्याला शिकवलं होतं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊ म्हणजे तीन किलोमीटर. तीस आकडे मोजायच्या आत आवाज आला तर आपण धोक्याच्या टप्प्यात आहोत. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. घर, मोटार काहीच जवळ नसेल तर झाडापासून, तारेपासून, पाण्यापासून दूर, पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप मोबाइलमध्ये ठेवावं. आसपास वीज पडण्याची शक्यता ते कळवतं. आमची मोटार रस्त्यावर उभी होती. दोघं भिजत तिथे गेलो, काचा लावून बसलो. लिंबावर वीज पडली का? नाही पडली. झाड अजून उभं आहे. पण पडली नाही म्हणून पोरगं चुकीचं होतं असं नाही. वीज कुठे पडेल ते दिसत नव्हतं आणि जे दिसत नाही त्याच्या भरवशावर पाऊल टाकायचं नाही, हाच तर नियम. साठ वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या मला जे जमलं नाही ते बारा वर्षांच्या त्याला जमलं.

आता शेवटी कार्यकारिणीला दोन विनंत्या. येत्या जानेवारीत नेहमीप्रमाणे आपला हुरडा आहे. बस निघण्याआधी पाच मिनिटं लेकरांना एकत्र बसवून हे नियम सांगावेत, आणि प्रत्येक दहा लेकरांमागे एक मोठा माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमावा. त्या माणसाने त्या वेळेपुरता हुरडा खायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत. पहिल्या पाळीला मी नाव देतो. दुसरं म्हणजे सोसायटीच्या खर्चातून एक लांब दोर, एक ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. लिफ्टच्या एका दुरुस्तीच्या मानाने हा खर्च काहीच नाही.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एक सांगणं. नातवंडांना आपण आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. एखादी चुकीचीही सांगावी. मी त्या माणसाला शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. त्याचं ओझं आहे, ते तुमच्यासमोर बोलून उतरेल असं नाही. पण नातवाला सांगितल्यापासून एक झालं. तो आता मला खोटं बोलत नाही.

वहिनींची कुंडी यंदा अजून रिकामी आहे. तुळस चांगली वाढली आहे. नातू दर रविवारी फोनवर विचारतो, "आजोबा, आले का?" मी गॅलरीखाली जाऊन वर बघून येतो आणि जे दिसतं तेच सांगतो. अजून नाही.